साळ्याच्या अल्बमातला आमचा कूलर

कूलरच्या आवाजाने ज्याचं डोकं उठतं असा नागपूरचा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साळा निघाला. माझा धंदा कूलर बनवण्याचा. सक्करदऱ्याला रस्त्यावर दुकान, दुकानामागे माल ठेवायची खोली, खोलीमागे घर. उन्हाळा आला की आमच्याकडे सकाळपासून पत्रा ठोकणं, मोटरी तपासणं, पंखे फिरवून पाहणं चालू. अशा घरात बहीण देताना ज्याने त्याने आधी कानांचा विचार करायचा होता. पण बहीण दिली तेव्हा हा चड्डीत होता, त्याला कोण विचारतो. सासू लवकर वारली म्हणून खाप्याहून बायकोच्या पाठोपाठ तोही आमच्याकडे आला, तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलला, तर "भाऊजी, थे ठोकणं जरा सुरात ठोका ना."

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरचा कूलर झाकणं. गेल्या वर्षी उन्हाळा सरल्यावर आम्ही टाकीतलं पाणी काढलं, ताट्यांमधला, म्हणजे बाजूच्या जाळ्यांमधला, जुना वाळा उपसला, आणि वर ताडपत्री टाकली. साळा नाकाला रुमाल लावून दोरीचं एक टोक धरून उभा होता, म्हणजे त्याच्या हिशोबाने कामच करत होता. बायकोने दोरी आवळली आणि खाप्याला नदीच्या रेतीतून डांगरं, म्हणजे खरबुजं, भरून आणतात त्या गाडीवर मारतात तशी गाठ मारली. म्हणाली, "आता पुढच्या उन्हाळ्यातच सोडू." मग तिघांनी ओट्यावर बसून चहा घेतला, त्यात साखर जास्त झाली होती, ते मी बोललो, तिने ऐकलं नाही. इतकंच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही, पोळ्या करून उठली, पाटावर बसली, ती बसलीच. माझी शाळा चौथीपर्यंतची. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. साळ्याबद्दल लिहिता येतं, कारण त्याच्याबद्दल माझ्याकडे तक्रारी भरपूर आहेत.

पहिली तक्रार त्याच्या बोटाची. तुम्ही त्याच्याशी कितीही महत्त्वाचं बोलत असा, मध्येच तो उजव्या हाताचं बोट वर करतो आणि म्हणतो, "थांबा." तुम्ही थांबता. तो डोळे बारीक करतो, मान वाकडी करतो, आणि तुम्हाला वाटतं घरात चोर शिरला. मग तो सांगतो की शेजारच्यांच्या नळाची चकती गेली आहे, किंवा कोपऱ्यावरून जी स्कूटर गेली तिचा सायलेन्सर फाटला आहे. एकदा एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. वाढप्याने पापड वाढले. साळ्याने सगळ्या पंगतीकडे बोट वर करून पाहिलं आणि उठून गेला. बाहेर येऊन पाहतो तर हा मांडवाच्या खांबाला टेकून उपाशी उभा. "भाऊजी, अख्खी पंगत एकाच टायमाले चावून राहिली गा. सहन नाही होत." मी म्हटलं, "त्याईचे दात, त्याईचे पापड, तुले काय करायचं आहे?" पण त्याचं त्याला कळत होतं. बायकोने घरी आल्यावर त्याला भात कालवून दिला, आणि मला म्हणाली, "तुमी पापड खाल्ले असतीन तेच्या बाजूले बसून." खाल्ले होते.

मध्ये तो जरीपटक्याला बाजारात खोली करून राहिला. मला वाटलं, सुटलो. पण खोलीखाली उसाच्या रसाची गाडी होती, आणि रसवाल्याच्या चरकाला घुंगरू बांधलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त आमच्या साळ्याला ते तिथे गेल्यावर कळलं. घुंगरांचं त्याला वावडं नव्हतं. ते ठेक्यात वाजत नव्हते, हे दुखणं होतं. तीन दिवस त्याने रसवाल्याला ठेका शिकवला. रसवाला भला माणूस, त्यानेही चरक ठेक्यात फिरवून पाहिला. पण ठेक्याच्या नादात रस घ्यायचं भान राहीना, ग्लास भरून वाहू लागले, गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवर जाऊ लागलं. शेवटी रसवाला हात जोडून म्हणाला, "साहाब, आप गाना बजाव, मेरेको गन्ना पेरने दो." साळा पेटी आणि गिटार घेऊन आमच्याकडे परत आला. बायकोने दारातच त्याच्यावरून भाकर-तुकडा ओवाळला, जसा काही लढाईहून आला.

लग्नाचंही तसंच झालं. मुलगी पाहायला आम्ही तिघं गेलो. मुलगी सुरेख होती, बोलायला चालायला चांगली होती, पण त्यांच्या घरचा छताचा पंखा कुईकुई करत होता. साळ्याने पाच मिनिटं दम धरला. मग स्टूल मागितलं, तेल मागितलं, वर चढला, आणि पंखा गप्प करून घाम पुसत खाली उतरला तोवर मुलगी चहाच्या कपबशा घेऊन आत गेली होती आणि तिच्या बापाने आपल्या मनात निर्णय घेतला होता. बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "माणूस कामाचा आहे, पण आमाले जावई पाह्यजे, मिस्त्री नाही." त्यानंतर कोणी मुलगी दाखवली नाही आणि त्यानेही मागितली नाही. म्हातारपणाकडे झुकला तरी केस तेवढे लांब ठेवले. समोरून टक्कल, मागून झिपऱ्या. मी म्हणत असे, तुझ्या डोक्यावरचं छप्पर मागे सरकलं आहे, पुढे ओढून घे.

आता त्याचा बँड. त्याला रॉक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मी समजत होतो की गिटारला करंट लावला की रॉक होतो. बँडचं नाव त्याने ठेवलं 'घामोळं'. मी विचारलं, "काहून गा, दुसरं नाव नाही भेटलं?" तो म्हणाला, "नागपूरचा रॉक आहे भाऊजी. घामोळं नाही तं काय मोगरा ठेवू?" बायको म्हणाली, "नाव ऐकूनच पाठ खाजवाव वाटते, बापू." बापू म्हणजे हाच, तिने लहानपणी ठेवलेलं नाव, दुसऱ्या कोणी घेतलं तर त्याला चालत नाही. बँडमध्ये तिघंच. हा गाणारा आणि गिटारवाला. दुसरा एक मोठ्या तारांची गिटार वाजवणारा, त्याचं औषधाचं दुकान. तिसरा ड्रम बडवणारा, तो बँकेत कारकून, तिथे सगळ्यात शांत माणूस म्हणून ओळखला जाई. मोठी मोठी लेकरं असलेले हे बाप्ये, पण बायको त्यांना 'पोरं' म्हणे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात हे वाजवत. दोन गाणी झाली की लोक वरातीची फर्माईश करत, आणि साळा बोट वर करून म्हणे, "थांबा." लोक थांबत नसत.

इतक्या वर्षांत त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. आपल्या गाण्यांचा एक अल्बम, स्टुडिओत बसून केलेला, आणि त्यात एकही घाणेरडा आवाज नको. घाणेरडा म्हणजे शिवी नव्हे. घाणेरडा म्हणजे जो आवाज त्याने बोलावला नाही आणि तरी आला, तो. त्यासाठी तो भाड्याने मिळतील त्या सगळ्या स्टुडिओंत जाऊन आला. एका ठिकाणी एसी गुणगुणत होता. एका ठिकाणी वरच्या मजल्यावर कोणी तरी मसाला कुटत होतं. एका ठिकाणी काहीच आवाज नव्हता, तर तिथल्या माणसाचा श्वास त्याला ऐकू आला आणि त्याने त्या माणसाला डॉक्टरकडे जायला सांगितलं. अल्बम राहिला तो राहिलाच. बायको मात्र दर दिवाळीला विचारायची, "बापू, झाला का रे?" तो म्हणे, "होईन बाई." बाई म्हणजे थोरली बहीण, आमच्याकडे तसंच म्हणतात. ती म्हणे, "मी बहिरी व्हायच्या आधी कर म्हंजे झालं."

मग गेल्या वर्षी होळी झाल्यावर तो काही तरी शोधायला माझ्या मालाच्या खोलीत शिरला. सीझनच्या आधी मी ती खोली वाळ्याच्या आणि लाकडी भुश्याच्या गठ्ठ्यांनी भरतो. जमिनीपासून छतापर्यंत चारी भिंतींना गठ्ठे, मधे चालायला तेवढी जागा. आतून टाळीचा आवाज आला. मग पुन्हा टाळी. मी जाऊन पाहतो तर हा मधोमध उभा राहून टाळ्या वाजवतो आहे आणि डोळ्यांत पाणी. "भाऊजी, आवाज परतून नाही येऊन राहिला." मी म्हटलं, "वाळा आहे तो, पिऊन घेते." "हा स्टुडिओ आहे, भाऊजी." मी म्हटलं, "हे गोडाऊन आहे, आणि सीझन तोंडावर आहे." पण बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात ठराव असाच होत असे.

दुसऱ्या दिवशी माईक, वायरी, ड्रम, सगळं आलं. त्या खोलीच्या दारावर त्याने खडूने 'स्टुडिओ' लिहिलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं नव्हतं ते घडायला लागलं. माझा माल विकला जायला लागला. चैत्र तापला, लोक ताट्या भरून न्यायला आले, एकेक गठ्ठा बाहेर पडू लागला, आणि जो गठ्ठा गेला त्याच्या मागची भिंत उघडी पडू लागली. उघडी भिंत आवाज परत फेकते. साळा टाळी वाजवून रोज भिंती तपासायचा आणि रोज हबकायचा. एके दिवशी मी जेवायला आत गेलो आणि परत येऊन पाहतो तर हा दुकानात उभा राहून गिऱ्हाइकाला सांगतो आहे, "माल नाही." गिऱ्हाईक म्हणे, "थो काय दिसून राहिला मागं?" हा म्हणे, "थो विकाचा नाही. थो ऐकाचा आहे." ते गिऱ्हाईक तीन पिढ्यांचं होतं. मी साळ्याला ओढून बाजूला केलं आणि दोघांत करार ठरला: आधी मोठ्या आवाजाची गाणी होतील तोवर मी उत्तरेकडच्या भिंतीला हात लावायचा नाही, आणि मग जशी गाणी होतील तशा भिंती मोकळ्या. म्हणजे अल्बममध्ये कोणतं गाणं कधी झालं हे संगीताने नाही, माझ्या विक्रीने ठरवलं.

आता वैशाखातलं नागपूर, पत्र्याचं छत, बंद खोली, भिंतींना वाळलेलं गवत, आणि पंखा बंद. कूलरचं तर नावच काढायचं नाही. माझ्याच घरात, कूलरवाल्याच्या घरात, भर दुपारी कूलर बंद ठेवायची पाळी आली. बायको त्या तिघांच्या खिशात कांदे कोंबायची, ऊन लागू नये म्हणून. माईकलाही कांद्याचा वास यायला लागला होता. पन्ह्याचा जग भरून दाराशी ठेवायची, डोक्याला ओले पंचे बांधून द्यायची. ते तिघं पंचे बांधून, गिटारी घेऊन आत जात तेव्हा कोणत्या तरी बिरादरीचे फकीर चालले आहेत असं वाटे. आणि आतून दर थोड्या वेळाने गाणं थांबायचं. कोकिळा ओरडली, थांबा. कुल्फीवाल्याची घंटी आली, थांबा. कुकरची शिटी, थांबा. एकदा मी दुकानात खोकललो तर दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊजी, थोडा खालच्या सुरात खोकलता येते का?" मी त्याला जे सांगितलं ते लिहिता येणार नाही.

शेवटचं गाणं राहिलं. त्याचं नाव 'रेतीले विचार'. खाप्याची कन्हान नदी उन्हाळ्यात आटते आणि रेतीत डांगरवाड्या लागतात, त्यावरचं. "नदी गेली कुठं, रेतीले विचार", असं ते सुरू होतं. लहानपणी हे दोघं बहीण-भाऊ त्या रेतीत डांगरं राखायला बसत, तिथली ही गोष्ट. गाणं हळूच सुरू होतं, फक्त गिटार आणि त्याचा आवाज, आणि मग एका जागी ड्रम आत येतो. ते जमत नव्हतं. कित्येक दुपारी घालवल्या, ड्रमवाला दर वेळी किंचित आधी नाही तर किंचित उशिरा. तो बिचारा उन्हाने अर्धा मेला होता. एका भिंतीचे गठ्ठे तेवढे उरले होते आणि त्यांनाही गिऱ्हाईक लागलं होतं.

घरात आणि त्या खोलीत मधे एक खिडकी आहे. आमचा घरचा कूलर तिच्याजवळ, चाकांच्या घोडीवर. तो कूलर मी लग्नाच्या साली बनवला, माझ्या हातचा पहिला, जाड पत्र्याचा, आणि त्याची एक खोड आहे. नुसत्या बटनाने तो चालू होत नाही. बटन दाबायचं आणि मग पत्र्यावर थापड मारायची. मी मारली तर पत्रा वाजतो आणि पंखा ढिम्म. तिने मारली की चालू. मी म्हटलं कैकदा की मोटर बदलून टाकू, कूलरवाल्याच्या घरचा कूलर असा, लोक काय म्हणतील. ती म्हणे, "माझ्या हातचं ऐकते ना थो? मंग राहू द्या. तुमी तरी कुठं ऐकता."

त्या दुपारी गाणं सुरू झालं. मी खाटेवर पडलो होतो. ती उठली, खिडकीची फळी हळूच ढकलली, कूलर फिरवून त्याचं तोंड त्या खोलीकडे केलं. मी म्हणालो, "अवं, काय करून राहिली?" तिने ओठावर बोट ठेवलं. बटन दाबलं, आणि ठेवून एक थापड दिली. धप्प. आणि कूलर घर्र करून सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले, आता साळ्याचं "थांबा" येणार म्हणून. नाही आलं. त्या थापडेसरशी ड्रम आत आला होता. आतमध्ये गार वारा गेला, आणि ते तिघं असे वाजवायला लागले की मी, ज्याला त्यातलं काही कळत नाही, तोही उठून बसलो. गाणं शेवटपर्यंत गेलं. मग दार उघडलं आणि साळा लाल तोंडाने बाहेर आला. "बाई, हे काय केलं वं तू?" ती कूलरमध्ये तांब्याने पाणी ओतत होती. म्हणाली, "पोरं मरून राह्यली ना आत, बापू. गाणं उद्या बी होईन. पोरं कुठून आणशीन?"

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कानाला लावायचं ते यंत्र तिच्या कानाला लावलं आणि तिला ऐकवलं. "ऐक, तुझी थापड." ती ऐकून हसली. म्हणाली, "चांगली बसली ना रे." मग पुन्हा त्यांनी ते गाणं बिनकूलरचं कित्येकदा करून पाहिलं. ड्रमवाला त्या जागी दर वेळी चुकला. तोवर उरलेल्या भिंतीचा माल गेला, स्टुडिओचं पुन्हा गोडाऊन झालं, उन्हाळा सरला, आणि आम्ही तिघांनी कूलर झाकला. पुढचं वर लिहिलं आहे. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी आणि रडण्याने भरलं होतं, बाहेर कोणी तरी मोठमोठ्याने फोनवर बोलत होतं, कुत्री भुंकत होती. साळा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. बोट वर झालं नाही.

दिवाळीच्या आधी तो सगळी गाणी घेऊन मुंबईला गेला. तिथे एक माणूस असतो, तो गाणी धुऊन पुसून देतो. तिथून साळ्याचा फोन आला. "भाऊजी, हा माणूस म्हणते का कूलरचा आवाज तो एका मिनिटात काढून टाकीन. थापड बी. गाणं एकदम साफ होईन. काढू का?" हेच त्याला जन्मभर पाहिजे होतं. साफ. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, लुगडी आहेत, चष्मा आहे. पण ती घरात हात लावून काही तरी करते आहे, हे आता फक्त त्या एका जागी उरलं होतं. हे मला बोलता आलं नाही. मी म्हणालो, "तुझं गाणं आहे, तुझी मर्जी," आणि फोन ठेवला. त्यानंतर अल्बम येईपर्यंत मी दुकानात पत्रा ठोकत होतो, पण माझं लक्ष पत्र्यात नव्हतं. आपणच नको म्हणू शकलो असतो आणि म्हटलं नाही, असं रोज वाटत होतं. आणि रोज हेही वाटत होतं की त्याच्या इतक्या वर्षांच्या कामात आपण कोण बोलणारे.

अल्बम आला तो फोनमध्ये आला. मला वाटलं होतं डबी तरी असेल. साळा माझ्यासमोर ओट्यावर बसला, फोन मधे ठेवला आणि शेवटचं गाणं लावलं. नदी गेली कुठं, रेतीले विचार. मी खाली पाहत होतो. मग ती जागा आली. धप्प. आणि घर्र. मी उठून आत गेलो आणि माठातलं पाणी पिऊन परत आलो. तो म्हणाला, "मले समजावू नका भाऊजी, म्या बाईसाठी नाही ठेवलं. बाईचा हात बरोब्बर समेवर पडला होता. आमचा कोणाचाच नाही पडला. अशी थापड काढून टाकाले मी काय गधा आहो?" हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, मी विचारलं नाही. त्याच्याशी मी नेहमीसारखंच बोललो. म्हटलं, "गधा तं आहेच तू. फक्त कान चांगले आहेत. गध्याचे असतातच."

आणि मग ते गाणं चाललं. कसं चाललं ते मला सांगता येत नाही, पण चाललं. पुण्या-बंगळूरला, अमेरिकेत बसलेली आपल्याकडची पोरं एकमेकांना ते पाठवू लागली. कोणी तरी लिहिलं म्हणे की हे ऐकताना डोळे मिटले की दुपारची शाळा सुटून घरी आल्यासारखं वाटतं. एकाच्या बायकोने तक्रार केली की नवरा ते गाणं लावल्याशिवाय झोपत नाही. मुंबईच्या एका शहाण्याने साळ्याला विचारलं की तो मधला आवाज कोणत्या वाद्याचा आहे. साळा म्हणाला, "वाद्य नागपूरचं आहे, वैशाखात वाजते." एका पेपरात छापून आलं की गाण्यात ड्रमच्या आधी जो एक ठोका आहे तो अल्बममधला सगळ्यात चांगला ठोका आहे. ड्रमवाल्याने ते कात्रण आणून मला दिलं. मोठ्या मनाचा माणूस. मोठमोठ्या स्टेजवर बोलावणी यायला लागली, आणि जिथे जातील तिथे लोक ओरडत, "कूलर, कूलर." ज्या आवाजापासून पळत हा खोल्या बदलत फिरला, त्याच्या फर्माइशी. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला दिवसभर तेच गाणं लावतो, आणि साळा तिथून जाताना बोट वर करत नाही, खाली मान घालून जातो.

माझ्या दुकानात पोरं येऊन विचारू लागली, "काका, थो कूलर दाखवा ना." एकाने विकत मागितला. मी म्हटलं, "झाकलेला आहे." खरंच झाकलेला होता. यंदा होळी झाली, चैत्र तापला, गावाला ताट्या भरून दिल्या, घरचा कूलर मी उघडला नाही. तिने मारलेली गाठ होती. मी ओली चादर अंगावर घेऊन पडायचो. शेजारची बाई म्हणाली, "कूलरवाल्याच्या घरी कूलर नाही, चांगलं दिसते का हे?" मी म्हटलं, "मले गरमी होत नाही." माझ्या पाठीवर घामोळं आलं होतं.

कार्यक्रमांमुळे महिनोन् महिने बाहेरगावी असलेला साळा अक्षय तृतीयेला घरी आला. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा माठ ठेवतात, तो आम्ही ठेवला, आंब्याचा रस, वडे असं जमेल तसं केलं, आणि दोघं जेवलो. त्याने खोलीभर नजर फिरवली, ताडपत्रीकडे पाहिलं, माझ्या पाठीकडे पाहिलं. मुंबईला जायचं होतं त्याला संध्याकाळी, तो गेला नाही.

सकाळी मी उठलो तर तो खिडकीजवळ उकिडवा बसला होता. दोरीचं वेटोळं करून बाजूला ठेवलं होतं. कापली नव्हती. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आमच्या मायकडची गाठ आहे, भाऊजी. मले बी येते सोडाले." ज्याने जन्मात कूलरला हात लावला नव्हता, त्याने माझ्याच दुकानातून वाळा आणून ताट्या भरल्या होत्या. वेड्यावाकड्या भरल्या होत्या, धंद्यातला माणूस कधी अशा भरणार नाही. मी पाणी आणून टाकीत ओतलं. तो बाजूला झाला. म्हणाला, "बटन तुमी दाबा."

मी बटन दाबलं. काही नाही. मी थापड मारली. पत्रा वाजला. पुन्हा मारली. पंखा ढिम्म. इतक्या वर्षांत तिने कुठे मारली ते मी कधी पाहिलंच नव्हतं. साळ्याने बोट वर केलं. म्हणाला, "थांबा." डोळे मिटले, मान वाकडी केली. मग पत्र्यावर बोटाने टकटक करत वरून खाली आला, थांबला, जरा डावीकडे सरकला. "इथं," म्हणाला. "उघड्या हातानं. बोटं जोडून नाही." आणि मारली. धप्प. तोच आवाज. कूलर घर्र करून सुरू झाला.

त्याच्या तोंडावर गार वारा आला, मागच्या झिपऱ्या उडाल्या. तो तिथेच जमिनीवर बसला, मग आडवा झाला, आणि जो माणूस आमच्या घरी एकाही उन्हाळ्यात कधी दुपारीही डोळा लावू शकला नाही, तो सकाळच्या प्रहरी कूलरसमोर घोरायला लागला. घोरणं काही सुरात नव्हतं. मी त्याला उठवलं नाही. टाकीत पाणी अजून कमी होतं, म्हणून तांब्या घेतला आणि काठाला लावून ओतत राहिलो, ती ओतायची तसं, आवाज होऊ न देता.